साठ पानांचा डाव

आपल्याकडे पत्ते म्हटलं की बावन्न पानांचा कॅट डोळ्यांपुढे येतो. रमी असो, मेंढीकोट असो, बदाम सात असो की ब्रिज, कॅट सगळ्यांचा एकच. पानं पिसली आणि वाटली की हातात काय यावं हे आपल्या हाती उरत नाही. आलेल्या पानांवर डाव कसा काढायचा एवढंच कसब. हे पुस्तक ज्या खेळाबद्दल आहे त्यात प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून तयार करून आणतो. हजारो निरनिराळ्या कार्डांतून साठ निवडायची, त्यांचा एकमेकांशी मेळ बसवायचा आणि समोरच्याने तशाच कष्टाने जमवलेल्या, आपण कदाचित कधी न पाहिलेल्या साठ कार्डांशी ती भिडवायची. खेळणारे याला डेक बांधणं म्हणतात. टेबलावर बसल्यावर जे घडतं त्याबद्दल पुढे पुष्कळ लिहिलेलं आहे, पण माझा सगळा जीव डेक बांधण्याच्या त्या आधीच्या तासांत गुंतलेला आहे. या खेळात खेळणारा अर्धा रचनाकार असतो, आणि ही रचना शिकता येते, शिकवता येते, तिच्यात आयुष्यभर रमता येतं. हे पटवून देण्यासाठीच पुस्तकाचा खटाटोप केला आहे.

खेळाचं नाव मॅजिक : द गॅदरिंग. रिचर्ड गारफील्ड हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएचडी करत होता आणि फावल्या वेळात खेळ रचत होता. १९९१ मध्ये तो आपला रोबोरॅली नावाचा बोर्डावरचा खेळ घेऊन सिॲटलजवळच्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीकडे गेला. कंपनीचा संस्थापक पीटर ॲडकिसन तेव्हा बोइंगमध्ये नोकरी करत होता. रोबोरॅली छापण्याइतका पैसा कंपनीपाशी नव्हता. ॲडकिसनने त्याला उलट सुचवलं की छापायला स्वस्त, खिशात मावेल आणि खेळांच्या संमेलनांत दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळून संपेल असं काही करता आलं तर पाहा. गारफील्ड कार्डांची कल्पना घेऊन परतला. १९९३ मध्ये त्याची पीएचडी पूर्ण झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळ बाजारात आला. त्याच्या प्रबंधाचा विषय गणिताच्या चयन आणि मांडणी अभ्यासणाऱ्या शाखेतला होता, म्हणजे वस्तू किती प्रकारे निवडता आणि जुळवता येतात याचा शोध. या खेळाचा कणा नेमका तोच आहे.

पहिल्या छपाईला आज अल्फा म्हणतात. त्यात २९५ निरनिराळी कार्डं होती आणि एकूण सुमारे २६ लाख छापली गेली होती. ती हातोहात संपली, आणि लगेच निघालेली दुसरी, त्याहून मोठी छपाईही संपली. गारफील्डला असा खेळ हवा होता जो आपल्या खोक्यात मावत नाही. एकाच माणसाकडे सगळी कार्डं नसतील, समोरच्याने काय काढलं ते पाहून आपण चकित होऊ, आणि खेळाचा पूर्ण आवाका कोणालाच एकदम दिसणार नाही, अशी त्याची कल्पना. लोक एखाद्या साध्या खेळावर खर्च करतात तेवढाच यावरही करतील असं धरून पहिल्या नियमांत एका कार्डाच्या प्रती किती ठेवाव्यात यावर काही बंधनच घातलेलं नव्हतं, आणि डेक चाळीस कार्डांचा असला तरी चालत होता. लोकांनी खोकी भरभरून कार्डं घेतली आणि तेच एक जबरदस्त कार्ड दहा-दहा, वीस-वीस घालून डेक बांधले. त्यात खेळण्यासारखं काही उरेना. मग नियम आला : डेक किमान साठ कार्डांचा, आणि मूळ जमिनी (त्यांच्याबद्दल पुढे येईलच) सोडल्या तर कोणत्याही कार्डाच्या चारपेक्षा जास्त प्रती नाहीत. या एका मर्यादेने खेळ तारला असं मी मानतो. चार प्रती म्हणजे हवं ते कार्ड हाती येईल याची आशा धरता येते, भरवसा धरता येत नाही. आशा आणि भरवसा यांच्या मधल्या पट्ट्यातच डेक बांधणाऱ्याचं सगळं काम चालतं.

खेळाची चौकट थोडक्यात सांगतो, कारण नियमांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. दोन खेळाडू, प्रत्येकाचं आयुष्य वीस, सुरुवातीला हातात सात कार्डं. प्रत्येक पाळीला एक कार्ड उचलायचं आणि फार तर एक जमीन मांडायची. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल अशा जमिनींचे पाच प्रकार आहेत आणि त्यांतून अनुक्रमे पांढरी, निळी, काळी, लाल आणि हिरवी शक्ती मिळते. तिला माना म्हणतात. बाकीचं जवळजवळ प्रत्येक कार्ड खेळायला काही माना मोजावे लागतात. सगळं सुरळीत झालं तर पहिल्या पाळीला एक माना, चौथीला चार. जमिनी हाती आल्या नाहीत तर उत्तम कार्डं हातात धरून नुसतं बसावं लागतं, आणि जमिनीच जमिनी आल्या तर मांडायला दुसरं काही नसतं. नवा खेळाडू या दोन्ही प्रसंगांना नशीब म्हणतो. काही अंशी ते नशीब आहेही. पण ते किती अंशी आहे हे मोजता येतं.

साठ कार्डांत २४ जमिनी ठेवल्या तर पहिल्या सात कार्डांत एकही जमीन नसण्याची किंवा एकच असण्याची शक्यता सुमारे १४ टक्के असते. चार जमिनी काढून त्या जागी चार आवडती कार्डं घातली, की हीच शक्यता जवळजवळ २५ टक्क्यांवर जाते. म्हणजे दर चार डावांतला एक डाव पंगू हाताने सुरू होतो. ज्या कार्डाच्या चार प्रती आहेत त्यांतली एक तरी पहिल्या सातांत असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आणि पहिल्या अकरांत असण्याची सुमारे ५६ टक्के. या आकड्यांचं कोष्टक पुस्तकाच्या शेवटी दिलं आहे. ते पाठ करावं लागत नाही, पण काही महिने डेक बांधत राहिलं की बोटांना आपसूक कळायला लागतं की तेविसावी जमीन काढण्याची किंमत काय पडते. शाळेत शक्यता हा धडा ज्यांना कधी रुचला नाही अशा मुलांना मी इथे ती गणितं कागदावर हौसेने सोडवताना पाहिलं आहे.

कोणत्या कार्डाला किंमत द्यावी हा याहून अवघड प्रश्न. त्याचा सगळ्यात सुंदर धडा पहिल्याच संचात दडलेला आहे. गारफील्डने पाच रंगांना एकेक अशी पाच कार्डं दिली, पाचही एका मानाची आणि पाचही तीनच्या मापात काहीतरी देणारी. लाल रंगाचं लाइटनिंग बोल्ट तीन आयुष्याची दुखापत करतं. हिरवं जायंट ग्रोथ टेबलावर लढणाऱ्या एखाद्या प्राण्याचं बळ (तो करतो ती दुखापत) आणि टिकाव (तो सोसतो ती) त्या पाळीपुरता तीन-तीनने वाढवतं. काळं डार्क रिच्युअल तीन काळे माना देतं. पांढरं हीलिंग सॅल्व्ह तीन आयुष्य परत देतं किंवा तेवढी दुखापत अडवतं. आणि निळं अँसेस्ट्रल रिकॉल तीन कार्डं उचलू देतं. कागदावर पाचही सारखी वाटतात. प्रत्यक्षात हीलिंग सॅल्व्ह कोणी डेकमध्ये घालत नाही आणि अँसेस्ट्रल रिकॉल हे आजवर छापलेल्या सर्वांत बलाढ्य कार्डांपैकी एक मानलं जातं. सॅल्व्ह खेळल्यावर आपल्या हातातलं एक कार्ड जातं, टेबलावर काही बदलत नाही आणि हरण्याची घटका थोडी पुढे ढकलली जाते. रिकॉल खेळल्यावर एक जातं आणि तीन येतात. हातातलं प्रत्येक कार्ड म्हणजे पुढची एक निवड, आणि ज्याच्यापाशी निवडी जास्त तो सावकाश का होईना वरचढ ठरतो. रिकॉल १९९४ पासून नेहमीच्या संचांत पुन्हा छापलं गेलं नाही, आणि जुनी कार्डं चालणाऱ्या स्पर्धांतही त्याची एकच प्रत ठेवता येते. बोल्ट मात्र आजही सगळ्यांचं मोजमाप आहे. तीन टिकावाचा नवा प्राणी जाहीर झाला की जुने खेळाडू पहिल्यांदा विचारतात, हा बोल्टने मरतो का?

तरीही एकेका कार्डाची अशी किंमत ठरवत बसलं की डेक बांधला जात नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने जे श्नायडरच्या कल्पनेवर उभा केलेला एक लाल डेक आणला. त्यातली कार्डं पाहून लोकांनी नाकं मुरडली असतील, इतकी ती सामान्य होती. त्यांतलं एक, आयर्नक्लॉ ऑर्क्स, मी मुद्दाम या पुस्तकात जवळून पाहिलं आहे. दोन मानाचा हा प्राणी, बळ दोन, टिकाव दोन, आणि वर एक खोट : समोरच्या ज्या प्राण्याचं बळ दोन किंवा जास्त आहे त्याला हा अडवू शकत नाही. सुटं पाहिलं तर हे कार्ड कोणी का घ्यावं कळत नाही. पण त्या डेकला कोणालाही अडवायचंच नव्हतं. पहिल्या पाळीला एक मानाचं कार्ड, दुसरीला दोनचं, तिसरीला तीनचं, असा एकही माना वाया न घालवता चढत जायचं आणि समोरचा सावरायच्या आत वीसचे शून्य करायचे, एवढाच त्याचा हिशोब होता. अडवण्याची खोट अशा डेकमध्ये जवळजवळ फुकट पडते. मानांची ही चढण त्या डेकमुळे सगळ्यांच्या डोळ्यांत भरली आणि आज घराघरांत डेक बांधताना कार्डं जमिनीवर किमतीप्रमाणे ओळीने मांडली जातात ती याच विचाराने. कार्ड चांगलं की वाईट हे डेक सांगतो. या पुस्तकातल्या प्रत्येक यादीखाली मी तेच एक वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं आहे असं वाचकांना वाटेल, आणि ते खरं आहे.

कार्डं घालण्यापेक्षा काढणं कठीण. माझा भाचा सुट्टीत पुण्याला आला होता. त्याने अडुसष्ट कार्डांचा हिरवा-लाल डेक जमिनीवर मांडला होता आणि आठ कमी करायची होती. सात वरच्यावर निघाली. आठवा होता सात मानाचा एक ड्रॅगन.

"मामा, हा नको ना काढूस."

"हातात किती वेळा आला?"

"तीन-चारदा."

"आणि खेळायला मिळाला?"

"एकदाच. पण त्या डावात मी जिंकलो."

"ड्रॅगन यायच्या आधी समोरच्याचं काय राहिलं होतं?"

तो बराच वेळ जमिनीवरच्या ओळींकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आयुष्य चार, आणि एकही प्राणी नव्हता." आपण जिंकत असतानाच जे कामाला येतं आणि हरत असताना हातात अडकून पडतं, असं ते कार्ड होतं. ड्रॅगन त्याने स्वतःच उचलून बाजूला ठेवला. डेकमध्ये शिरलेल्या प्रत्येक कार्डाने एका दुसऱ्या कार्डाची जागा घेतलेली असते, हे एकदा डोळ्यांना दिसलं की माणूस वेगळ्याच नजरेने निवडायला लागतो.

दोन कार्डं एकत्र आल्यावर काय होतं याचा अंदाज किती अवघड असतो याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. २०१६ मध्ये या खेळाचा कलादेश नावाचा संच निघाला. त्यातलं जग भारतापासून प्रेरणा घेऊन रंगवलेलं होतं : पितळेच्या नक्षीची यंत्रं, संशोधकांचं भव्य प्रदर्शन, साड्या नेसलेली आणि शेले पांघरलेली माणसं, चंद्रा नलार या जुन्या लोकप्रिय पात्राचं माहेर. २०२५ मध्ये त्या जगाचं नाव बदलून आविष्कार केलं गेलं. त्या संचात साहीली राय नावाची एक शोधक तीन मानांत येत असे, आणि आपल्या एखाद्या प्राण्याची किंवा यंत्राची त्या पाळीपुरती हुबेहूब प्रत ती करू शके. पुढच्या जानेवारीत आलेल्या जोडसंचात फेलिडार गार्डियन नावाचा चार मानाचा मांजरकुळातला प्राणी होता. तो टेबलावर आला की आपलंच दुसरं एखादं कार्ड क्षणभर बाहेर काढून परत मांडता येई. साहीलीने मांजराची प्रत करायची. त्या प्रतीने साहीलीला बाहेर काढून परत आणायचं. परत आलेली साहीली ताजी, म्हणून ती पुन्हा प्रत करणार. चौथ्या पाळीला अगणित मांजरं, आणि सगळी त्याच पाळीत हल्ला करायला मोकळी. कार्डं तयार करणाऱ्यांच्या नजरेतून ही जोडी निसटली. खेळाडूंनी ती कार्ड जाहीर होताच हेरली. एप्रिल २०१७ मध्ये गार्डियनवर स्टँडर्ड या मुख्य प्रकारात बंदी आली. शेकडो कार्डांच्या संचात जोड्याच हजारोंनी होतात, आणि त्यांतली कोणती जिवंत निघेल हे शोधण्याचा आनंद घरी बसलेल्या शाळकरी मुलालाही तितकाच खुला असतो, याहून या छंदाची मोठी शिफारस माझ्याकडे नाही. २०१९ मध्ये तीन अभ्यासकांनी असंही दाखवून दिलं की मॅजिकच्या कार्डांची अशी मांडणी करता येते की पुढे कोण जिंकणार हे कोणत्याही संगणकाला हमखास ठरवता येणार नाही.

टेबलावरच्या खेळाबद्दल एकच गोष्ट इथे सांगतो. १९९९ मध्ये माइक फ्लोरेस या लेखक-खेळाडूने मांडलं की समोरासमोर आलेल्या दोन डेकांत एकाला हल्लेखोर व्हावं लागतं आणि दुसऱ्याला राखणदार, आणि ज्याला आपली भूमिका ओळखता येत नाही तो हरतो. तोच डेक आज एकाविरुद्ध हल्ला करतो आणि उद्या दुसऱ्यापुढे दम धरतो. म्हणून डेक बांधताना पंधरा जादा कार्डांची जोडही तयार ठेवायची असते, जी पहिला डाव झाल्यावर बदलून घेता येते. या पंधरांकडे नवखे दुर्लक्ष करतात. स्पर्धांत त्यांच्यावर निकाल फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी एक अख्खं प्रकरण दिलं आहे.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण बातम्यांत हा खेळ फक्त त्यासाठीच येतो. २०२१ मध्ये ब्लॅक लोटस या कार्डाची एक अल्फा प्रत लिलावात पाच लाख डॉलरच्या वर गेली. अशा जुन्या कार्डांच्या काही ठरावीक यादीची पुन्हा छपाई करणार नाही असं वचन कंपनीने १९९६ पासून दिलेलं आहे, आणि भाव इतके चढण्याचं ते एक कारण आहे. यातलं काहीही डेक बांधायला लागत नाही. बंद पाकिटं फोडून हवं ते कार्ड निघेल या आशेवर पैसे घालवणं मला मान्य नाही. मुलांच्या हाती तर ती सवय लागूच नये. हवं ते कार्ड सुटं विकत घ्यावं. पाकिटं फोडायचीच तर सगळ्यांनी मिळून ड्राफ्ट खेळण्यासाठी फोडावीत : प्रत्येकाने आपलं पाकीट उघडायचं, एक कार्ड ठेवून उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायची, असं तीन पाकिटं संपेपर्यंत, आणि जमलेल्यांतून चाळीसचा डेक बांधायचा. तिथे सगळे सारख्याच पायरीवरून सुरुवात करतात आणि बांधणी शिकायला याहून चांगली शाळा नाही. मुंबई-पुण्यात बोर्ड गेम खेळायला जमणाऱ्या मंडळींत असे ड्राफ्ट जमवता येतात. फक्त सामान्य दर्जाची कार्डं वापरण्याचा पॉपर नावाचा प्रकारही आहे, त्यातले चांगले डेक खिशाला झेपतात आणि विचाराला कुठे कमी पडत नाहीत. घरच्या सरावाला साध्या जमिनीच्या कार्डावर पेनाने दुसऱ्या कार्डाचं नाव लिहून खेळलं तरी चालतं. स्पर्धेत चालत नाही.

आज सगळ्यात जास्त खेळला जातो तो कमांडर हा प्रकार : शंभर कार्डं, मूळ जमिनी सोडून प्रत्येकाची एकच प्रत, आयुष्य चाळीस, आणि टेबलावर बहुधा चौघं. अलास्कातल्या काही मित्रांच्या घरगुती खेळातून तो निघाला, स्पर्धांच्या पंचांनी तो जगभर नेला, आणि २०११ मध्ये कंपनीने त्याचे तयार डेक काढले. त्यात आवडत्या कार्डांना जागा मिळते, गप्पा होतात, डाव लांबतो. मला तो मनापासून आवडतो. पण त्यात बांधणीतल्या चुका झाकल्या जातात, चौघांच्या गडबडीत आपण का हरलो ते कळत नाही, म्हणून पुस्तकाचा भर साठ कार्डांवर ठेवला आहे आणि कमांडर शेवटून दुसऱ्या प्रकरणात घेतला आहे.

यादीतली कार्डं वर्षागणिक बदलतील. नवे संच येतात, जुनी कार्डं मुख्य प्रकारातून बाद होतात. म्हणून प्रत्येक डेकची यादी देताना ती कशी बनत गेली, कोणतं कार्ड कोणत्या कारणाने निघालं, कोणतं परत आलं, हे सांगण्याला जास्त पानं दिली आहेत. वाचकाने पहिला डेक एकाच रंगाचा बांधावा, चोवीस जमिनींसह. तो एकही कार्ड न बदलता निदान दहा डाव खेळावा, आणि प्रत्येक डावानंतर हातात अडकून राहिलेल्या कार्डांची नावं एका वहीत टिपावीत. चौथ्या प्रकरणापासूनचं सगळं लेखन ती वही वाचकाजवळ आहे असं धरून केलं आहे.